आरोग्य-विचार : मस्तकांतील बारा बलुतेदार

कुटुंब मोठें असलें म्हणजे त्यांतील प्रत्येकाच्या स्वभावाची एक खूणगांठ हळुहळू ठरून जाते. आजोबा जेवणाला नांवें ठेवितात. काकांस हांक मारली तर ती ऐकूं येतेच असें नाहीं. धाकटा मुलगा मान कलती करून पुस्तक वाचतो. वहिनी फोटो काढतेवेळीं कधीं मोकळेपणानें हंसत नाहींत. घरांतील माणसें या गोष्टींना स्वभावाचे विशेष समजतात, आणि प्रसंगानुसार हंसतात, रागावतात किंवा दुर्लक्ष करितात. अशा प्रत्येक गोष्टीच्या मुळाशीं रोगच असतो असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु यांपैकीं कित्येक गोष्टी मस्तकांतील एखाद्या मज्जातंतूस झालेल्या इजेचीं बाह्य चिन्हें असूं शकतात. आणि तसें असतां त्यांस स्वभाव मानून स्वस्थ बसल्यास माणसावर अन्याय होतो व उपचाराची वेळही हातची जाते. म्हणून या महिन्यांत हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

आपल्या शरीरांत मज्जातंतूंचे दोन वर्ग आहेत. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपासून निघून धडाकडे व हातापायांकडे जाणाऱ्या तंतूंच्या ३१ जोड्या हा एक वर्ग, आणि कवटीच्या तळाशीं असलेल्या लहानमोठ्या छिद्रांतून मेंदूशीं संबंध ठेवणाऱ्या १२ जोड्या हा दुसरा. वास, दृष्टि, श्रवण, रुचि, चेहऱ्याची संवेदना व हालचाल, गिळणें, बोलणें, मान वळविणें, इतकेंच नव्हे तर हृदयाची गति आवरणें, हीं सर्व कामें या बारा जोड्यांकडे वांटून दिलेलीं आहेत. पूर्वींच्या गांवगाड्यांतील बारा बलुतेदारांची आठवण येथें झाल्यावांचून राहात नाहीं. प्रत्येकाचें काम ठरलेलें; सुतार आजारी पडला तर कुंभारानें नांगर घडवावयाचा नाहीं. मस्तकांतही तोच न्याय आहे. सातवा तंतु बंद पडला असतां पांचवा त्याचें काम उचलीत नाहीं. म्हणूनच कोणतें काम अडलें आहे हें नीट पाहिल्यास कोणत्या तंतूस इजा झाली, आणि पुष्कळदां ती नेमकी कोठें झाली, हेंही जाणत्या वैद्यास सांगतां येतें.

ही गणना एकदम ठरली नाहीं. दुसऱ्या शतकांतील रोमन साम्राज्यांतला थोर वैद्य गेलन यानें सातच जोड्या मोजल्या होत्या. इंग्लंडांत थॉमस विलिस यानें १६६४ सालीं मेंदूवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्या नऊपर्यंत नेल्या. आणि जर्मन शारीरशास्त्रज्ञ सोमरिंग यानें १७७८ सालच्या आपल्या प्रबंधांत बारा जोड्यांची जी क्रमवार मांडणी केली, तीच आजही सर्वत्र शिकविली जाते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत तंतूंची अशी गणना नाहीं. परंतु शरीरांतील १०७ मर्में सांगतांना तींत जीं निरीक्षणें नमूद आहेत, तीं विचार करण्यासारखीं आहेत. कानाच्या मागें खालच्या बाजूस विधुर नांवाचें मर्म आहे, त्यावर आघात झाल्यास बहिरेपण येतें. नाकाच्या मार्गांतील फण या मर्मास इजा झाल्यास गंधज्ञान जातें. गळ्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या नीला व मन्या या मर्मांच्या आघातानें मुकेपणा, आवाजाची विकृति व रुचीचा लोप होतो, असें तेथें सांगितलें आहे. कारणमीमांसा कांहीं असो, आघात कोठें झाला आणि काय गमावलें याची सांगड त्या निरीक्षकांनीं घातली होती, यांत संशय नाहीं.

आतां एकेका बलुतेदाराची ओळख करून घेऊं. पहिला गंधाचा तंतु. नाकाच्या छताशीं असलेल्या चाळणीसारख्या हाडांतून याचे सुमारें वीस बारीक पुंजके प्रत्येक बाजूस वर मेंदूकडे जातात. डोक्यावर, विशेषतः मागील बाजूस, जोराचा आघात झाला म्हणजे मेंदू कवटींत हेलकावतो आणि हे नाजुक धागे त्या चाळणीपाशींच तुटतात. दुचाकीवरून पडलेल्या माणसाची जखम भरते, तो हिंडूंफिरूं लागतो, आणि मग जेवणाला चव नाहीं म्हणून कुरकुर करूं लागतो. घरच्यांस वाटतें, आजारपणानें लाडावला. वस्तुतः जिभेस खारट, गोड, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात; आमटीचा, तुपाचा, आंब्याचा जो खरा स्वाद, तो बहुतांशीं नाकाचा असतो. यांत आणखी एक घोटाळा होतो. अशा माणसास मिरचीच्या फोडणीचा ठसका लागतो आणि कांदा चिरतांना डोळ्यांस पाणीही येतें. तेव्हां, ‘ठसका लागतो तर वास कसा येत नाहीं?’ असा संशय घेतला जातो. याचें उत्तर असें कीं, ही झोंबणारी संवेदना पहिल्या तंतूची नसून मुख्यतः पांचव्याची आहे, आणि घशांतील ठसक्यांत नवव्या-दहाव्याचाही भाग असतो. तेव्हां तो माणूस खोटें बोलत नसतो.

२०२० व २०२१ या वर्षांतील कोविडच्या सांथींत असंख्य लोकांचा वास गेला, तो या तंतूंच्या पेशी मरून नव्हे, तर त्यांस आधार देणाऱ्या नाकांतील पेशींवर विषाणूनें हल्ला केल्यामुळें, असें बहुतेक संशोधकांचें मत आहे. म्हणून पुष्कळांस वास परत आला. वृद्धांत वास हळुहळू कमी होतो, आणि कंपवाताच्या कित्येक रोग्यांत हात थरथरूं लागण्याच्या पूर्वीं कित्येक वर्षें तो मंदावलेला असतो. कारण कोणतेंही असो, ज्या घरांत असें माणूस एकटें स्वयंपाक करीत असेल त्या घरानें दोन गोष्टी अवश्य कराव्या. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात, आणि तो या माणसास कळत नाहीं. तेव्हां गळती दर्शविणारें यंत्र स्वयंपाकघरांत लावावें, आणि शिळेंपाकें पाहण्याचें काम दुसऱ्यानें आपल्याकडे घ्यावें.

दुसरा दृष्टीचा तंतु. प्रत्येक डोळ्यामागें दहा लाखांहून अधिक सूक्ष्म धाग्यांचा हा जुडगा असतो. रचनेनें पाहतां तो मेंदूचाच बाहेर आलेला भाग होय, आणि म्हणूनच एकदां नष्ट झालेला धागा पुनः उगवत नाहीं. काचबिंदू हा या तंतूचा मोठा वैरी. तो बहुधा दुखत नाहीं, लालीही आणीत नाहीं. प्रथम कडेची दृष्टि खातो आणि समोरचें वाचन शेवटपर्यंत चालूं ठेवितो. आजी दाराच्या चौकटीस आपटूं लागल्या, ताटाच्या कडेची वाटी त्यांस दिसेनाशी झाली, तर ‘लक्ष नसतें’ असें म्हणूं नये. हा रोग कुटुंबांत चालत येण्याचा संभव असतो. ज्या घरीं एकास तो निघाला त्या घरच्या भावंडांनीं व मुलांनीं, आणि एरवीं चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानें, डोळ्याचा दाब व तंतूचें शीर तपासून घ्यावें. गेलेली दृष्टि येत नाहीं, पण उरलेली बहुतेकांस राखतां येते.

तिसरा, चौथा व सहावा हे तिघे मिळून डोळा फिरवितात. तिसऱ्याकडे मुख्य काम: पापणी उचलणें, बाहुली आकुंचित करणें आणि डोळा वर, खालीं व नाकाकडे वळविणें. तो बंद पडला म्हणजे पापणी खालीं पडते, आणि ती बोटानें उचलून पाहिली असतां बुबुळ बाहेरच्या बाजूस व खालीं गेलेलें दिसतें. मधुमेहांतही असें होतें. त्यांत बाहुली बहुधा पूर्ववत् राहते व कांहीं महिन्यांत सुधारणा होते. परंतु एकाएकीं भयंकर डोकें दुखून पापणी पडली आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर मेंदूच्या रोहिणीवर फुगा येऊन तो तंतूवर दाबत असल्याचा धोका असतो. हा फुगा फुटल्यास प्राणावर बेततें. अशा वेळीं डोकेदुखीची गोळी देऊन सकाळची वाट पाहूं नये; रात्रीं असलें तरी मोठें रुग्णालय गांठावें.

चौथा तंतु सर्वांत बारीक, आणि मेंदूच्या पाठीमागून निघणारा एकटाच. डोळा खालीं व आंत वळला असतां लागणाऱ्या एका स्नायूचें काम त्याच्याकडे आहे. तो दुबळा झाला कीं जिना उतरतांना पायरी दोन दिसतात व वाचतांना ओळी एकमेकींवर चढतात. रोगी नकळत मान विरुद्ध बाजूस कलती करितो, म्हणजे दोन प्रतिमा जुळतात. मान कलती करून वाचणाऱ्या मुलास ‘सरळ बैस’ म्हणून दटावण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें. गंमत अशी कीं, हा दोष जन्मतः आहे कीं नुकताच आलेला आहे, हें ठरविण्यासाठीं नेत्रवैद्य घरचे जुने फोटो मागवितात. मुंजीच्या आणि पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंतही मान तशीच कलती असेल तर चिंता पुष्कळ कमी होते. सहावा तंतु डोळा कानाकडे वळवितो. कवटींतील दाब वाढला म्हणजे तो ताणला जाऊन डोळा आंत वळतो. म्हणून मुलाची डोकेदुखी, सकाळच्या उलट्या आणि नव्यानें आलेला तिरळेपणा हीं तीन एकत्र दिसल्यास विलंब करूं नये.

पांचवा हा चेहऱ्याच्या संवेदनेचा धनी. याच्या तीन शाखा कपाळ, गाल व हनुवटी यांची खबर मेंदूस पोंचवितात. शिवाय चावण्याचे स्नायु याच्याच ताब्यांत. या तंतूची तिडीक फार क्रूर असते. दांत घांसतांना, तोंड धुतांना, वाऱ्याची झुळूक लागली असतां विजेचा झटका बसावा तशी कळ गालांतून जाते व कांहीं क्षणांत थांबते. ती दांताची समजून चांगले दांत एकामागून एक उपटून घेतलेले रोगी दंतवैद्यांस व मेंदूवैद्यांस नित्य भेटतात. बहुधा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी तंतूच्या मुळाशीं घासत असते. यावर साध्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहींत. १९६० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलेलें कार्बामाझेपिन हें औषध अजूनही पहिलें मानलें जातें, आणि त्यानें न भागल्यास शस्त्रक्रियेनें ती रक्तवाहिनी दूर सारतां येते. याच तंतूच्या वरच्या शाखेवर नागीण उठते. कपाळावरील फोडांबरोबर नाकाच्या शेंड्यावरही फोड आला तर डोळा धोक्यांत आहे असें समजावें, आणि लेपाच्या नादीं न लागतां त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. विषाणुनाशक औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालें तर त्याचा गुण चांगला येतो.

आतां सातवा, आणि याच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे, कारण घरांत सर्वांत अधिक घबराट हाच उडवितो. हंसणें, रडणें, कपाळास आंठ्या घालणें, डोळा मिटणें, ओंठ आवळणें, हीं सर्व याचीं कामें. कानामागच्या हाडांतील एका अरुंद, वांकड्यातिकड्या नळींतून तो चेहऱ्यावर येतो. तेथें त्यास सूज आली कीं ती पसरावयास जागा नसते आणि तंतु आपल्याच सुजेनें दबून जातो. माणूस सकाळीं उठतो तों चूळ भरतांना पाणी एका कडेनें गळतें, डोळा मिटत नाहीं, तोंड वांकडें झालेलें दिसतें. आपल्या वैद्यकांत अर्दित या नांवानें याचें वर्णन प्राचीन काळापासून आहे. युरोपांत चार्ल्स बेल यानें १८२१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचून चेहऱ्याच्या हालचालीचा तंतु व संवेदनेचा तंतु निरनिराळे आहेत हें दाखविलें, आणि या विकारास त्याचें नांव पडलें. हा भेद स्पष्ट नव्हता तोंवर पांचव्याची कळ थांबविण्यासाठीं शस्त्रवैद्य सातवा तंतु कापीत. त्यामुळें चेहरा लुळा पडे आणि कळ होती तशीच राही ! कोणता तंतु काय करितो हें ज्ञान केवळ पुस्तकी नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस सांपडत नाहीं.

तोंड वांकडें झालें कीं पहिला प्रश्न असा: हा अर्धांगाचा झटका आहे, कीं केवळ या तंतूचा विकार ? कपाळाच्या स्नायूंस मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळते. म्हणून मेंदूंतील झटक्यांत तोंडाचा खालचा भाग वांकडा होतो, पण कपाळास आंठ्या बहुधा दोन्ही बाजूंस घालतां येतात. तंतूच मध्यें दबला असेल तर त्या बाजूचें कपाळही गुळगुळीत राहतें व डोळा मिटत नाहीं. ही खूण उपयुक्त आहे, परंतु निर्णय घरीं करण्यासाठीं नव्हे. हात किंवा पाय जड वाटणें, बोलणें बोबडें होणें, तोल जाणें, यांपैकीं एक जरी चिन्ह असेल, किंवा कपाळ हलत असून तोंड तेवढें वांकडें असेल, तर क्षणाचाही विलंब लावूं नये. झटक्यांतील रक्ताची गांठ विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि जितकें लवकर तितकें बरें.

आणि झटका नसला तरी घाई आहेच. ‘वारें लागलें, शेक द्या, आपोआप जाईल’ असा सल्ला देणारे घरोघरीं असतात, आणि तो अगदींच निराधार आहे असें नाहीं. कांहीं उपाय न करितांही सुमारें दहांतील सात रोगी पूर्ण बरे होतात. परंतु प्रश्न उरलेल्या तिघांचा आहे. स्कॉटलंडांत ५५१ रोग्यांवर केलेल्या व २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हें स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकीं नऊ महिन्यांनीं ९४ टक्के पूर्ण बरे झाले. तें न दिलेल्यांत हें प्रमाण ८२ टक्के होतें. हे बहात्तर तास गंडेदोरे, मालिश आणि नातलगांचे सल्ले यांत गेले कीं परत येत नाहींत. मधुमेह्यांची साखर या औषधानें वाढते व गर्भवतींच्या बाबतींत विचार करावा लागतो, म्हणून तें वैद्याच्याच देखरेखीखालीं घ्यावें. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत व बाळंतपणाच्या सुमारास हा विकार अधिक आढळतो; तेव्हां ‘सुतक-सोयर संपूं द्या’ म्हणून थांबूं नये. कानांत किंवा कानाभोंवतीं फोड असतील, अथवा कान वाहात असेल, तर कारण वेगळें असून त्यावर निराळा उपचार लागतो.

डोळ्याची काळजी मात्र पहिल्या तासापासून घरच्यांचीच. पापणी मिटत नाहीं म्हणून बुबुळ कोरडें पडतें, त्यावर ओरखडे व फूल पडण्याची भीति असते. दिवसां कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्रीं मलम व पापणी मिटवून वर हलकीशी चिकटपट्टी, एवढें केल्यानें डोळा वांचतो. कुष्ठरोगांत सातवा व पांचवा हे दोन्ही तंतु दुखावतात; डोळा मिटत नाहीं आणि त्यांत गेलेलें कुसळ कळतही नाहीं. त्या रोग्यांस येणाऱ्या अंधत्वाचें हें एक मोठें कारण आहे, आणि वेळींच औषध घेतल्यास तें टळतें.

तंतु पुनः वाढतो, पण दिवसाला सुमारें एक मिलिमीटर या गतीनें. वाढतांना त्याचे धागे कधीं कधीं वाट चुकतात. लाळेच्या ग्रंथीकडे जावयाचे ते अश्रूंच्या ग्रंथीकडे जातात आणि माणसाच्या डोळ्यांतून जेवतांना पाणी वाहूं लागतें. ओंठांकडे निघालेले धागे पापणीस लागतात आणि हंसतांना डोळा मिटतो. पानावर बसलेली सून डोळे पुसते तें रडत असते म्हणूनच, असें सासूनें समजूं नये, आणि हंसतांना एक डोळा मिटणारा मुलगा थट्टेखोर आहे असें पाहुण्यांनींही समजूं नये. कॅनडाचे १९९३ ते २००३ पर्यंतचे पंतप्रधान ज्यां क्रेतियें यांचें तोंड लहानपणच्या याच विकारानें एका बाजूस वांकडें राहिलें होतें. १९९३ च्या निवडणुकींत विरुद्ध पक्षानें त्यांच्या चेहऱ्याचीं चित्रें वापरून जाहिरात काढली. लोकांस ती इतकी किळसवाणी वाटली कीं ती लागलीच मागें घ्यावी लागली. त्या पक्षास अवघ्या दोन जागा मिळाल्या. पराभवाचीं कारणें दुसरींही पुष्कळ होतीं. परंतु वांकड्या तोंडास हंसणाऱ्यांचें तोंड लोकांनींच बंद केलें, हें खरें. आपल्या घरांत मुलीच्या वांकड्या हंसण्यावरून तिचें लग्न अडून बसतें, ती स्वतः तोंडावर पदर घेऊं लागते, तेव्हां हें उदाहरण आठवावें.

आठवा तंतु ऐकण्याचा व तोल सांभाळण्याचा. वृद्धपणीं दोन्ही कान सारखेच मंद होतात. पण एकाच कानानें हळुहळू कमी ऐकूं येणें व त्यांत आवाज घुमणें हें निराळें असून, तंतूवर वाढणाऱ्या गांठीचा त्यांत संशय घ्यावा लागतो. ती गांठ बहुधा कर्काची नसते, पण जागा नाजुक असते. फोनवर बोलतांना एखादा माणूस नेहमीं कान बदलूं लागला तर त्यास तपासून घेण्यास सांगावें. एका रात्रींत एक कान बंद झाला तर मळ असेल म्हणून तेल घालीत बसूं नये. कांहीं दिवसांतच उपचार सुरू झाला तरच उपयोगाची आशा असते. क्षयरोगावर पूर्वीं सर्रास दिल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिनच्या टोंचण्यांनीं कित्येकांचें श्रवण व तोल बिघडले. आणि उत्सवांतील कर्णकटु ध्वनिवर्धकांनीं कानाच्या आंतील सूक्ष्म पेशी मरतात, त्या पुनः उत्पन्न होत नाहींत.

नववा व दहावा हे गिळण्याचे व आवाजाचे सोबती. दहावा मस्तकांतून निघून गळा, फुप्फुसें, हृदय व पोट येथपर्यंत भटकत जातो. कान कोरतांना कित्येकांस खोकला येतो, त्याचें कारण याचीच एक लहान शाखा कानाच्या नळींत येते. रक्त पाहून किंवा टोंचणीच्या भयानें भोंवळ येते, तींतही याच तंतूनें हृदयाची गति एकदम मंद केलेली असते. अशा माणसास भित्रा म्हणून हिणवूं नये, आडवें निजवून पाय उंच करावे. स्वरयंत्राकडे जाणारी याची शाखा डाव्या बाजूस छातींत उतरून हृदयाजवळच्या महारोहिणीस वळसा घालते आणि पुनः वर चढते. त्यामुळें छातींतील गांठ आवाज घोगरा करूं शकते, आणि गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेंत या शाखेस फार जपावें लागतें. गेलनानें डुकराच्या गळ्यांतील ही शाखा बांधून त्याचें ओरडणें एकदम बंद करून दाखविलें होतें. घसा सर्दीनें बसला तर तो आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगराच राहिला, विशेषतः तंबाखूच्या व्यसनी माणसाचा, तर काढे पुरे करून स्वरयंत्र तपासून घ्यावें. तसेंच म्हाताऱ्या माणसास पाणी पितांना वारंवार ठसका लागणें हा हावरेपणा नव्हे. गिळण्याचे तंतु दुबळे झाल्याची ती सूचना असूं शकते.

अकरावा तंतु मान वळवितो व खांदा उचलतो. तो मानेच्या बाजूस कातडीच्या अगदीं जवळून जातो. क्षयाच्या गांठी आपल्या देशांत फार. त्या मानेंतून काढतांना किंवा तपासणीसाठीं तुकडा घेतांना हा तंतु दुखावला जाऊं शकतो. मग खांदा उतरतो, हात डोक्यावर जात नाहीं, वेणी घालतां येत नाहीं, फडताळांतला वरचा डबा निघत नाहीं. ‘गांठ तर केव्हांच काढली, आतां काय दुखतें ?’ असें न म्हणतां अशा स्त्रीस पुनः वैद्याकडे न्यावें. तंतु तुटला असेल तर तो पहिल्या कांहीं महिन्यांत जोडणें चांगलें. बारावा जिभेचा चालक. जीभ बाहेर काढली असतां ती ज्या बाजूस वळते, त्या बाजूचा तंतु दुबळा, ही खूण लक्षांत ठेवण्यास सोपी आहे.

सांगावयाचें तात्पर्य असें कीं, या बारा जणांची तक्रार बहुधा घरच्यांच्याच डोळ्यांपुढें प्रथम येते. रोग्यास स्वतःचें वांकडें हंसणें दिसत नाहीं आणि आपला वास गेला हेंही पुष्कळदां कळत नाहीं. तें पंगतींतल्या दुसऱ्याच्या ध्यानांत येतें. एकत्र कुटुंबाचा हा मोठा लाभ आहे, पण त्यास एक अट आहे. जें दिसलें तें टोमण्याच्या रूपानें बोलण्याऐवजीं काळजीच्या रूपानें बोललें पाहिजे. एकाएकीं आलेला बदल, एकाच बाजूचा बदल आणि दिवसेंदिवस वाढत जाणारा बदल, हे तीन आढळले कीं घरच्या वडील माणसांनीं ‘पाहूं पुढें’ हे शब्द उच्चारूं नयेत. प्रत्येक तंतूची आपली एक मुदत आहे: कोणाची तासांची, कोणाची दिवसांची, कोणाची महिन्यांची. ती मुदत संपली म्हणजे मोठ्यांत मोठ्या वैद्याचेंही ज्ञान तोकडें पडतें. आणि ती संपण्यापूर्वीं रोग्यास वैद्याच्या दारीं पोंचविणें हें काम वैद्याचें नव्हे, घराचें आहे.